दुसरी वेलांटी

वळपईला, रत्नाकर गावसाच्या टपरीवर
जत्रेच्या नाटकाचं हँडबिल मी लिहिलं:
‘फुगड्या आणी नाटक’.
पुंडलीक सिनारीनं भज्यांच्या तेलकट बोटांनी
दुसरी वेलांटी खोडून पहिली ओढली.

मी म्हटलं, तुझ्या लग्नपत्रिकेत
‘आर्शिवाद’ होता.
मग बारावीचे मार्क निघाले,
मग माझ्या आज्याचा अंगठा.
चहावर साय धरली.

जत्रेत तो राजा, मी प्रधान;
तीन अंक एकमेकांच्या कानांकडे बघत बोललो.

रात्री कोश उघडला.
त्याचंच बरोबर.
शेवटचा इकार दीर्घ, असा नियम,
नि त्यालाच अपवाद हा,
जोडण्यापुरता ऱ्हस्व.

फोन लावला.
‘बोल,’ म्हणाला.
मी विचारलं,
बांगडा काय भावानं मिळाला रे आज?