कुसळ

औसा रोडवर, बायोलॉजीच्या क्लासच्या डोक्यावर आमचं ऑफिस.
खाली साठ पोरं एका सुरात पेशीचे भाग म्हणतात,
वर मी देशाची कड तपासते.

फाइलचं नाव सीमा_अंतिम_नवी_७.
अंतिम झाल्यावरही सात वेळा नवी झालेली.
आत अडीच लाख बिंदू,
प्रत्येकाला दोन आकडे,
दशांशचिन्हापुढं आठ घरं.
आठव्या घरात मिलिमीटर राहतो.
मुंगीचा पाय इकडं पडला की तिकडं
एवढं आम्हाला ठाऊक आहे,
असं फाइल म्हणते.
मला तर काल स्कूटीची चावी सापडत नव्हती.

गव्हाणे सर म्हणतात, जास्त डोकं लावू नको,
सरकारी नकाशाशी जुळलं की झालं.
जुळत नाही तिथं लाल होतं.
मग मी झूम करत आत जाते.
डोंगर जातो, गाव जातं,
नदी नावासकट जाते,
उरतात दोन रेघा:
आपली एक,
शेजाऱ्याच्या फाइलमधली एक,
आणि मधी फट.
ना ह्यांच्या सातबाऱ्यावर, ना त्यांच्या.

प्रोग्रॅममध्ये तिला स्लिव्हर म्हणतात.
तबस्सुम म्हणते, कुसळ.
तिच्या घरी ज्वारी आहे, तिला माहीत,
बाहीत गेलेलं कुसळ दिसत नाही,
नुसतं टोचतं.
सुट्टीच्या आधी ती विचारते, आज किती काढलीस?
एकशे बारा.

एकशे तेराव्याखाली मी सहज उपग्रहाचं चित्र लावलं.
करडी माती, एका झाडाची सावली,
सावलीत पांढरा ठिपका.
शेळी असेल.
दगड असेल.
कुणीतरी वाळत टाकलेलं काहीतरी.

परंड्याहून बार्शीकडं जाताना
पंक्चरच्या दुकानापाशी बाबा गाडी हळू करायचे.
हितं तुझा पणजा दोरी ओढायचा, म्हणायचे.
दगडूबा, करोडगिरीच्या नाक्यावर शिपाई.
दोरीच्या अलीकडं हाली, पलीकडं कलदार,
अलीकडं निजाम, पलीकडं इंग्रज,
मधी आमचा पणजा,
मिठाची गोणी सोडणारा न् अडवणारा.

सप्टेंबरात फौज आली, गेली.
नाक्यावरचा दारोगा रातोरात हैदराबादकडं.
दगडूबाला कुणी काही सांगितलं नाही.
अकरा दिवस तो येऊन बसला,
गाडी दिसली की दोरी वर,
गाडी गेली की दोरी खाली.
बाराव्या दिवशी बार्शीची एक कासारीण आली,
डोक्यावर बांगड्यांची पाटी,
तिनं लुगडं जरा उचललं
न् दोरी ओलांडली.
आरं, आता हितं काही नाही, म्हणाली.
त्यानं दोरी गुंडाळून घरी आणली.
म्हशीला बरीच वर्षं पुरली म्हणतात.

माझ्या पडद्यावर ती रेघ अजून आहे.
आधी राज्याची, मग जिल्ह्याची,
जाडी शून्य पूर्णांक चार, रंग राखाडी,
झूम कमी केलं की आपसूक मिटते.
तिच्यावर कुणाचंच लक्ष नाही.
तिला मी कधी कधी नुसतीच निवडते,
ती निळी होते,
मग सोडून देते.

कुसळं काढायला एक चौकट येते.
किती अंतरापर्यंतचं एकच मानायचं?
मी एक मीटर टाकते.
दोन रेघा एकमेकींना चिकटतात,
लाल जातं.
रिपोर्टमध्ये शून्य चुका दिसल्या की सर चहा सांगतात.

आज शून्य आलं नाही.
एक राहिली, सर, मी म्हटलं, सोमवारी बघते.
खाली क्लास सुटला होता,
पेशीपटल काय आत घेतं, काय नाही
ते पोरं जिन्यातसुद्धा घोकत होती.
तबस्सुमनं मॉनिटरवर कव्हर टाकलं.
मी परत एकदा चित्र मोठं केलं.
ठिपका होता तिथंच होता,
सावली मात्र जुनी,
कुठल्या तरी मार्च महिन्यातली, सकाळी साडेदहाची.