वरचं माप

अकराशे चाळीस.
सिस्टरनं आकडा सांगितला
आणि माझ्या तळहातानं लगेच जोखला:
तीन मध्यम रताळी, एक बारकं.
बेकिनकेऱ्याच्या तांबड्या मातीतली.
दर शनिवारी बेळगावात पोतं सोडून बसते मी,
वजनात चुकत नाही.
म्हणूनच भ्याले.

काचेच्या पेटीत निळी टोपी,
पायाला पट्टी: बेबी ऑफ वैजयंता.
त्याला अजून नाव नाही,
माझंच लावलंय, उधारीवर.

चार दिवस मी पेटीपर्यंत गेलेच नाही.
दूध पिळायचं, डबी धाडायची,
भिंतीकडं तोंड करून पडायचं.
आत्ती म्हणाल्या, सातव्यातलं जगतंय गे.
मामी म्हणाली, पोती उचललीस ना.
दोघींचंही खरं वाटायचं.
मामीचं जास्त.

पाचव्या रात्री गंगव्वा सिस्टर आली.
वाटलं, डबी मागणार.
तिनं विचारलं, "निद्दी बंतेन, अक्का?"
झोप आली का.
पोराचं सोडून माझं
कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं,
आणि तेही शाळेत मी कच्ची राहिले त्या भाषेत.
उत्तराला कन्नड सुचेना.
मराठीही.
मी रडले, ती उठली नाही,
खाटेवर बसून राहिली पाय हलवत,
जशी हीच तिची ड्यूटी.

सकाळी गाऊनच्या नाड्या सोडल्या,
पोराला पालथं, बेडकासारखं
उरावर ठेवलं, वरून पट्टा बांधला.
कातडी कसली, उकडलेल्या रताळ्याची साल;
बोट लागलं तर निघून येईल.
"कूसु बेच्चग ऐति, नोड," गंगव्वा म्हणाली.
ऊब आहे त्याला, बघ.
मी बघितलं नाही. छताचा पंखा मोजत होते.

माया उचंबळून आली वगैरे काही नाही.
आधी पाठ दुखली.
मग घाम, मग खाज, जिथं हलता येत नाही तिथंच.
मग त्याचा श्वास मधेच थांबला,
मशीन ओरडलं,
आणि गंगव्वा वळायच्या आत
माझ्याच बोटानं त्याच्या टाचेला टिचकी मारली.
ते परत सुरू झालं,
कुरकुरत, झोपमोड केल्यागत रुसून.
तेव्हा.
काय ते माहीत नाही, पण तेव्हा.

आता दुपारी मोनाप्पा येतो,
कोपरापर्यंत हात धुतो, शर्ट काढतो,
छातीवरचे केस टोचतील का म्हणून
सिस्टरला तीनतीनदा विचारतो.
पट्टा बांधला की पुतळा होतो नुसता.
त्याच्या उरावर ते, आणि मी
शेजारच्या खाटेवर, कूस बदलायला मोकळी.
मामीचं वाक्य अजून येतं अधनंमधनं.
येतं, बसतं, जातं.

मधे हजार पन्नासवर उतरलं होतं.
आज अकराशे साठ.
पहिल्या दिवसापेक्षा वीस ग्रॅम वर.
एवढं तर मी गिऱ्हाइकाला
वरचं सोडते, न बघता.
आज काट्यावर वाकून बघितलं.
पुन्हा ठेवा म्हटलं, पुन्हा बघितलं.

गंगव्वा पाळी बदलून निघाली होती,
चप्पल घालता घालता तिनं नुसती मान उडवली.
"बंतु," मी म्हटलं.
दोन तास.