बाटली क्रमांक एक्केचाळीस

मान थोडी पुढे. वर बघायचं नाही.
उजव्या हाताने डावी नाकपुडी, डाव्या हाताने उजवी,
म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न बसता कडेला जातो.
फ्लावियाने रिकामी बाटली नाकाशी धरून दाखवलं,
आणि मी, सव्वीस वर्षं मुलांचे हात धरून अ गिरवून घेतलेली,
दोनदा चुकले.

म्हापशात, औषधाच्या दुकानावरचा पहिला मजला.
खाली शुक्रवारचा बाजार भरलेला,
सुरंगीचे वळेसर, काजूची बोंडं, दोरीला लोंबणारी चोरीस,
सगळं नुसतं दिसत होतं,
आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखं.

सर्दी नेहमीचीच. दर माघात येते,
भुवयांच्या वर बिऱ्हाड करते,
वाकून वह्या तपासताना डोळ्यांमागे जड होत जाते.
या वेळी मात्र जाताना वास घेऊन गेली,
आणि मग गेलीच नाही.

सही केली. कुणाला औषध मिळेल, कुणाला मिठाचं पाणी.
मला कोणतं, ते मला सांगणार नाहीत.
डॉक्टरांनाही ठाऊक नाही, फ्लावियालाही नाही,
कुठल्याशा बंद पाकिटात आहे म्हणे.
'म्हणजे देवळातल्या कौलासारखं,' मी म्हटलं.
'तसंच, टीचर. फक्त पाकळ्या नाहीत.'

पहिल्याच रात्री एक थेंब घशात उतरला.
खारट.
अंधारात मी एकटीच हसले.

माझा बाप आगरवाडोच्या मिठागरात उन्हाळे काढायचा.
वाफ्यात बोट बुडवून जिभेला लावायचा,
आणि सांगायचा : अजून दोन दिवस.
किंवा : उद्या पहाटे फळी घेऊन ये.
चुकला असेल, तर मला कळू दिलं नाही.
त्याच्या जिभेचा चतकोर वाटा तरी माझ्याकडे आला असेल ना?
मी ठरवून टाकलं, हे नुसतं मीठ.
आणि तेही आमचं नव्हे,
कारखान्याचं, धुऊन काढलेलं,
चिखलाची आठवणसुद्धा नसलेलं.

तरी तक्ता इमानाने भरला. शून्य ते तीन.
चोंदणं तीन. कपाळ तीन. शिंका, मोजल्या तेवढ्या अकरा.
वास येतो का : नाही.
नाही.
पाचव्या रात्री लिहायला विसरले,
सहाव्या सकाळी अंदाजाने दोन टाकलं.
(खोटं नाही, पण खरंही नाही. फ्लावियाला सांगायचं राहिलं.)

आठव्या दिवशी, मधल्या सुट्टीत,
शाळेच्या मुतारीचा वास आला.
फिनेलला न जुमानणारा, तिखट, जुना, ओळखीचा.
देवाच्या दारात थांबावं तशी
मी दारात थांबले.
तिसरीतला यज्ञेश म्हणाला, 'बाई, ही मुलग्यांची.'

शेवटच्या भेटीत बाटली काट्यावर ठेवून तोलली.
मग फ्लावियाने छापील प्रश्न वाचला :
तुम्हाला काय मिळालं असं वाटतं?
औषध. मीठपाणी. सांगता येत नाही.

'मीठपाणी,' मी म्हटलं. 'मी मिठागरातली आहे, मला कळतं.'
ती खाली बघून कागदाला म्हणाली,
'दोगांयनी मीठ आसता, टीचर. औषधातसुद्धा.'

पेन हातात तसंच राहिलं.
बाप असता तर
त्यानेही बोट पुन्हा एकदा बुडवलं असतं.
आमचा आगर आता कुणीतरी कोळंबीसाठी घेतलाय,
मानशीचं दार बदललंय, बांधावर कुंपण आहे,
बुडवायला तिथे तरी कुठे जाणार?

तिसऱ्या चौकोनात खूण केली.

परतीच्या बसमध्ये एक बाई टोपलीभर सुकी सुंगटां घेऊन चढली.
माणसं सरकली, एकाने खिडकी उघडली,
कंडक्टरने टोपलीचंही तिकीट मागितलं.
तिच्या बाजूची सीट रिकामी राहिली.

माझी पुढची, खिडकीजवळची, चांगली होती.
उठून मागे गेले.