खरपूस

रात्रपाळीत इर्या एकटी,
आणि काचेपलीकडे संथ फिरणारा ड्रम.
बाहेर उणे अठ्ठावीस. आत दोनशे ऐंशी.
मधे एक पत्रा, बोटभर दगडी लोकर
आणि तिचं लक्ष.

भुशाला आग दाखवायची नाही, हे पहिलं.
हवेचा एक घोट आत गेला
तर भाजण्याचं जाळणं होतं,
आणि राखेला गिऱ्हाईक नाही.
म्हणून दारं दुहेरी, झडपा घट्ट.
लाकूड आधी पाणी सोडतं,
मग आंबूस वाफ,
मग कितीतरी वेळानं हट्ट.
वर्षानुवर्षं वाऱ्यात ताठ उभा राहिलेला तंतू
चिमटीत मोडतो.

तिचे आजोबा, तौनो, कैनूच्या जंगलात डांबर गाळायचे.
पाइनच्या मुळ्यांचा ढीग, वर मातीचं पांघरूण,
आठ दिवस धुमसत ठेवायचा;
जीभ दिसली की फावड्यानं माती लोटायची.
म्हणायचे, आगीला मारायचं नाही,
जेवूही घालायचं नाही.
इर्याकडे फावडं नाही. पडद्यावर ऑक्सिजनचा आकडा आहे,
तो हलला की तिच्या पाठीत
आजोबांचीच कळ येते.

पहाटे तीनला हलला.
भुसा आत घेणाऱ्या तोंडाशी बर्फाचं ढेकूळ,
झडप अर्धी उघडी.
तिनं नायट्रोजन सोडला,
पहार उचलली, जिन्यानं वर गेली.
नोंदवहीत एवढंच:
"३.१०. बर्फ. काढला."
पहारीला चिकटून राहिलेलं तळहाताचं कातडं
त्यात नाही.

स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन ग्लास आहेत.
पिह्लाचा शाळेचा प्रयोग.
एकात साध्या भुशाच्या पांढऱ्या कांड्या:
दुपारपर्यंत फुगल्या, संध्याकाळी लापशी.
दुसऱ्यात आईच्या कारखान्यातल्या काळ्या:
रविवारी तळाशी तशाच.
पुढच्या रविवारीही तशाच, जराशा चकाकत.

"यांना तहान नाही का लागत?"
इर्या कॉफी ओतते, डाव्या हातानं.
"लागायची," म्हणते. "झाड होती तेव्हा."

पिह्लाला हे पटत नाही.
ती ग्लासात बोटं घालून एक कांडी काढते,
दाताखाली धरते. कडकन तुटते.
थुंकून म्हणते, कोळसा नाहीये हा,
लाकूडपण नाही.
मग काय आहे ते सांगायला
वळून बघते,
तर आई टेबलावर डोकं टेकून झोपलेली,
पायात बूट तसेच,
आणि केसांना तो वास,
कच्चा नाही, करपलेलाही नाही.