ऐंशीला येते

उर्हो केन्टाला तिसऱ्यांदा आला.
म्हणाला, थरथर ऐंशीला येते, नव्वदला वाढते,
शंभरचं ठाऊक नाही, मी शंभरने जात नाही.

कुठे जाणवते? मी विचारलं.
हाताला जाणवली तर पुढची चाकं,
बुडाखाली जाणवली तर मागची,
ब्रेक दाबल्यावरच आली तर डिस्क,
आणि न्यूट्रलमध्ये टाकूनही राहिली
तर इंजिन बिचारं सुटलं.
तो बराच वेळ विचारात.
मग म्हणाला, दातांना.

याआधी दोनदा गाडी मी आत घेतली होती,
रात्रभर गॅरेजात, हीटरशेजारी.
सकाळी चारही चाकं यंत्रावर फिरवली:
शून्य, शून्य, पाच ग्रॅम, शून्य.
टायरवर तळवा फिरवला, कुठे टेंगूळ नाही.
बेअरिंग गप्प.
रस्त्यावर नेली तर साय धरलेल्या दुधासारखी निवांत.
आणि आठवड्याने फोन:
आली.

तापानी, माझा भाऊ, म्हणाला,
म्हातारा एकटा आहे, बोलायला कुणी हवं असतं त्याला.
मीही तेच धरून चालले होते.

तिसऱ्यांदा मी गॅरेजचं दार उघडलंच नाही.
अंगणातच चावी मागितली.
उणे सव्वीस. केमियार्वीबाहेरचा सरळ रस्ता,
साठ, सत्तर, काही नाही.
अठ्ठ्याहत्तरला आरशातली झाडं विस्कटली.
ऐंशीला माझेही दात.
उर्हो काहीच बोलला नाही.
फक्त हातमोजे काढून मांडीवर ठेवले,
साक्षीला उभं राहताना टोपी काढावी तसे.

बसथांब्याशी थांबून
टॉर्च घेऊन मी गुडघे टेकले.
पुढचं उजवं चाक, रिमची आतली बाजू,
तिथं मुठीएवढा बर्फ,
चिखल खाऊन दगड झालेला,
एकाच अंगाला.
त्याच्या घराची वाट ओढ्यावरून जाते,
तिथं गोठलेल्यावरही पाणी चढतं,
हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आणि मी दोन्ही वेळा
दुखण्यालाच उबेला निजवलं होतं.
सकाळी फरशीवर ओल होती,
मी ती पुसलीही होती, नीट आठवतं.

हातोडीच्या दांड्याने चार ठोके.
परतताना नव्वदला
उर्होने थर्मासच्या टोपणात कॉफी ओतली,
अगदी काठोकाठ,
आणि दोघांच्या मध्ये धरून बसला.
गॅरेजचा दिवा दिसेपर्यंत तो कॉफीच बघत होता.
मग एका घोटात संपवली
आणि म्हणाला,
तापानीलाही सांग.