बोटभर

बोगदा खुला झाला त्या दिवशी बँड वाजला,
पोरांनी कागदी झेंडे हलवले, मीही हलवला.
खोटं कशाला सांगू, आनंदच झाला होता.
समुद्राच्या पोटातून तोर्शहावन अकरा मिनिटांवर.
आता वादळात बाळंतीण अडणार नाही,
धुकं पडलं तरी मेलेला माणूस वेळेवर घरी येईल.

एकवीस वर्षं बोटीवर कॉफी दिली मी.
आता नगरपालिकेत टेबल आहे, फिरती खुर्ची आहे,
पगार थोडा वर,
आणि खिडकीतून दिसणारा उतार,
त्यावर पावसाकडे पाठ करून उभ्या मेंढ्या.

मग रात्री तीनला मला उठवतं कोण?

झालेलं काहीच नसतं.
हानुस घोरत असतो, फ्रिज गुरगुरत असतो,
आणि छातीत कुणीतरी साखळदंड ओढत असतं,
कडी कडी करून, खडखड,
नांगर मात्र वर येत नाही.
हुरहूर म्हणावी, तर तिला जराशी गोडी असते.
भीती म्हणावी, तर समोर कुणी उभं नाही.
बिननावाचं हे काहीतरी
माझ्या उशीवर डोकं ठेवून माझ्याआधी जागं होतं.

डॉक्टरीण बदलीवर आलेली, डेन्मार्कची, कोवळी पोर.
तिने तारा चिकटवल्या, कागदाची पट्टी वाचली,
म्हणाली, सुंदर आहे तुमचं हृदय.
असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.
मला रडू फुटलं, आणि ते तिने भलत्याच खात्यात लिहून घेतलं.
अलीकडे काही घडलंय का घरात?
काय सांगू?
रस्ता झाला, म्हणाले.

नणंद सुन्नवा म्हणते, बसून खायला मिळालं की असं होतं.
म्हणते, आणि रुबार्बचा मुरंबा ठेवून जाते.
आठ बरण्या झाल्या.

परवा मार्यूनने मागून फोटो काढला, मी भांडी घासताना.
आई, बघ तरी कशी उभी आहेस,
कुणी ढकलणारंय का तुला?
पाहिलं.
पाय फाकलेले, एक गुडघा सैल,
कंबर ओट्याच्या कडेला टेकवलेली,
आणि खांदे येणाऱ्या लाटेसाठी तयार.
स्वयंपाकघरात. मंगळवारी. वारासुद्धा नव्हता.

मला जन्मात कधी बोट लागली नाही.
बाकीचे पिशव्यांत तोंड घालून बसायचे
आणि मी दोन्ही हातांत ट्रे घेऊन चालायचे, हसत.
आता या वयात
मला घर लागतंय.

हे कळल्याने बरं वाटलं असेल, असं तुम्हाला वाटेल.
कळलं, एवढंच.
तीन अजून वाजतात, साखळी अजून खडखडते.
फक्त आता मी तिच्याशी अंथरुणात भांडत नाही.
उठते, लोकरी मोजे चढवते, ओट्याशी जाते,
दिवा न लावता एका पायावरून दुसऱ्या पायावर
वजन टाकत राहते, डावीकडे, उजवीकडे,
एखाद्या मुलाला खांद्यावर झोपवावं तशी
स्वतःला.
कधी दहा मिनिटं. कधी उजाडेपर्यंत.

आमची बोट ग्रीसकडे विकली म्हणतात,
रंग नवा, नाव नवं.
त्या उन्हात तिलाही तीन वाजता काही होत असेल का?
लोखंडाचं काय सांगावं.

काल हानुस उठून आला.
काही विचारलं नाही. माझ्या शेजारी उभा राहिला,
जड माणूस, जन्मभर मेंढ्यांमागे डोंगरात,
त्याला डुलणं कुठलं जमायला,
तरी उगाच हलला थोडा, चुकीच्या तालात.
मग कप पुढे केला.
मी ओतली, आणि नेहमीच्या जागी हात थांबला.
भर की पुरता, म्हणाला, इथे कुठे सांडतंय.

राहू दे, म्हटलं.
वरती बोटभर
राहू दे.