पाऊण मिली

इस्माईल परकार. बाप तांडेल होता,
हा मात्र समुद्रावर गेला नाही.
वफ्राच्या वाळवंटात, तेलाच्या नळांत
एकवीस वर्षं रबराचा बोळा सोडतोय.
बाकीचे त्याला पिग म्हणतात. हा ते नाव घेत नाही.
एका तोंडातून बोळा घालायचा, मागून दाब द्यायचा,
आणि चाळीस किलोमीटर पुढे जाऊन थांबायचं,
मेण खरवडत कधी पोचतो बघत.

पहाटे चारला पाय गार पडला.
त्यानं बाम चोळला. मग मोजा घातला.
मग मोज्यावर मोजा.
साडेसहाला फोरमनला सांगितलं,
"साहेब, पाय माझा वाटत नाय."

अहमदीला आणला तेव्हा
गुडघ्याखाली सगळं मेण.
पावलावर बोट ठेवलं. काही नाही.
घोट्यामागे. काही नाही.
यंत्राची कांडी लावली, नुसती खरखर.
वर छातीत ठोके पडत होते,
एकमेकांना न विचारता.
तिथंच कधीतरी रक्त साकळलं,
आणि एक गुठळी सुटून मांडीत येऊन बसली.

डॉक्टर हनाननी जांघ तेवढी बधिर केली.
पडद्यापलीकडे त्याचं डोकं, टक्क जागं.
"सिस्टर, तुम्ही सांगलीकडच्या?"
"इस्लामपूर."
"काय चाललंय सांगा तरी. नळाचं काम हाय,
मला कळतं."

सांगत गेले. धमनीला वर-खाली फीत घातली.
एवढीशी चीर. आता नळी जाईल,
शेवयीपेक्षा थोडी जाड,
टोकाला फुगा, पण रिकामा, अंगाला चिकटलेला.
"दाब किती?"
दाब नाही. ढकलायचंच नाही.
गुठळीच्या कडेनं, मिळेल त्या फटीतून
पलीकडे जायचं.
"मग?"
पलीकडे गेल्यावर फुगायचं. पाऊण मिली पाणी.
"पाऊण मिली," तो म्हणाला,
बाजारात कुणी भलताच भाव सांगावा तसा.
आणि परत यायचं, वाटेत असेल ते घेऊन.

तो बराच वेळ बोलला नाही.
"आमचा बोळा परत नाय येत," मग म्हणाला.
"गेला की पुढच्या पुढंच."
मला घरी जाऊन तीन वर्षं झाली होती.
मी चिमटा पुढे केला.

डॉक्टर ओढत होत्या, पण ओढल्यासारखं दिसत नव्हतं.
एका हातात नळी, दुसऱ्यात सिरिंज,
भिंत आवळली की थेंबभर पाणी मागे,
सैल वाटलं की थेंबभर पुढे.
जास्त फुगवलं तर आतलं अस्तर सोलून येतं.

आली.
करंगळीएवढी, जांभळाच्या सालीसारखी काळी,
खाली दोन शेपट्या,
जिथं धमनी फुटते तिथला साचा घेऊन.
दुसऱ्यांदा एक तुकडा.
तिसऱ्यांदा फुगा रिकामा आला.
आमच्याकडे रिकामं येणं चांगलं.
खालून रक्त उलटं आलं, ते त्याहून चांगलं.

टाके. केसाहून बारीक दोरा.
फीत सोडली.
मी वाटी पडद्याच्या वर धरली.
"येवढंच?"
"येवढंच."
"आणि आम्ही लाइन तीन दिवस बंद ठेवतो."

अंगठ्याकडे रंग सगळ्यात शेवटी पोचला.
कांडीतून आवाज आला,
भाता कुणीतरी नीट चालवू लागल्यासारखा.
मी रक्ताच्या पट्ट्या मोजत होते. नऊ. दहा.
"सिस्टर, जळतंय. पाय जळतोय."
"कुणाचा?"
"कुणाचा काय, माझा!"

मी पुन्हा एकपासून मोजायला घेतलं.